भोंग्याशिवाय सांगा, नवलकाका

दचकू नका, मित्रांनो. आज मी अगदी हळू बोलणार आहे. माझ्या जातीला हळू बोलणे शोभत नाही, हे मला माहीत आहे. पण रिक्षा अजून उभी आहे, बॅटरीची वायर सुटी आहे आणि रिक्षावाला नवल समोरच्या टपरीवर चहा पीत बसला आहे. तो परत येईपर्यंत मला माझी हकीगत सांगून टाकायची आहे.

मी एक जुना कर्णा आहे. गावात मला कोणी कर्णा म्हणत नाही, सगळे भोंगाच म्हणतात. अॅल्युमिनियमचे पसरट तोंड, मागे लोहचुंबक आणि पोटात कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा, एवढाच माझा संसार. पडदा थरथरला की मी बोलतो. काय बोलायचे ते मात्र मी ठरवत नाही. तोंड एवढे मोठे, आणि त्यातला एक शब्दही स्वतःचा नाही! त्यामुळे मी मुळातच भित्रा आहे. बटण दाबल्यावर आधी 'खर्रर्र' असा आवाज येतो ना? लोकांना वाटते मशीन खराब आहे. खरे तर तेव्हा माझ्या पोटात गोळा आलेला असतो.

जळगावच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तुमच्या तोंडून पहिला शब्द 'आई' निघाला असेल. माझ्या तोंडून निघाला 'हॅलो, हॅलो'. तिथून मला साक्रीच्या वनाभाऊंनी आणले आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधले. वनाभाऊ दवंडीवाले. साक्रीचा आठवडे बाजार असो की डोंगराकडच्या पाड्यावर लहान मुलांना डोस पाजायचा असो, कोणाचा बैल सुटलेला असो की जत्रेत कोणाचे पोर हरवलेले असो, वनाभाऊ सायकल दामटत निघायचे.

त्यांची एक रीत होती. बटण दाबले की ते आधी स्वतःचे नाव सांगायचे, मग कोणी पाठवले त्याचे नाव सांगायचे आणि मगच कामाचे बोलायचे. "मी वना बोली ऱ्हायनू. माले ग्रामपंचायतनी धाडेल शे." हे झाल्याशिवाय पुढचा शब्द नाही.

एकदा बाजारात एक दंतमंजनवाला आला. "मोठमोठे डॉक्टर हेच मंजन वापरतात, असं पुकारा," म्हणाला. वनाभाऊंनी विचारले, "कोन डॉक्टर? नाव सांग." त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग वनाभाऊंनी माइक तोंडाशी धरला आणि भर बाजारात पुकारले, "हाऊ मंजनवाला सांगस, डॉक्टर हाईच मंजन वापरतस. डॉक्टरनं नाव त्याले आठवत नही!" सगळा बाजार हसला. तरी काही बायकांनी डबी घेतलीच, पण जे घेतले ते डोळे उघडे ठेवून घेतले. त्या दिवसांत मी फारसा घाबरत नसे. वनाभाऊंच्या तोंडावर माझा भरवसा होता.

पुढे घरोघरी मोबाईल आले. हरवलेल्या बैलाचा फोटो माझ्याआधी गावभर फिरू लागला. वनाभाऊ थकले आणि एका हिवाळ्यात गेले. मी माळ्यावर जाऊन पडलो. माझ्या तोंडात कोणी शेंगांची टरफले टाकली, कोणी जुन्या चपला कोंबल्या. एवढ्या मोठ्या आवाजाला घरात कोणी हाक मारत नाही, याचे फार वाईट वाटायचे.

मग वनाभाऊंच्या मुलाने, नवलने, बॅटरीवर चालणारी रिक्षा घेतली आणि तो फैजपूरकडे आला. इकडे केळीचा मुलूख. खते, औषधे, ठिबकच्या नळ्या, सगळ्यांच्या जाहिराती फिरवायला माणूस लागतो. त्याने मला घासूनपुसून टपावर बसवले. मला वाटले, दिवस फिरले. पण नवल काही बोलायचाच नाही! तो फक्त पेनड्राइव्ह खोचायचा. धडाड् धूम असे संगीत, मग एका बाईचा किंचाळता आवाज, 'घड असा की माणूस मागे लपेल! सगळे वापरतात, तुम्हीच मागे का?' ही बाई कोण, तिने केळीची बाग कधी पाहिली आहे का, मला ठाऊक नाही. मी ओरडत असायचो आणि नवल मजेत शेंगदाणे खात असायचा. मनाने तो वाईट नाही, मित्रांनो. वडिलांची रीत तेवढी त्याने माळ्यावर ठेवून दिली होती.

नवल दुपारी रिक्षा शाळेच्या फाटकाजवळच्या निंबाखाली लावायचा. तिथे नववीच्या वर्गाला दिपमालाबाई शिकवायच्या. परीक्षा जवळ आल्या होत्या, तरी त्या मुलांना एक वेगळाच धडा देत होत्या. भिंतीवर त्या जुन्या महायुद्धातली प्रचाराची चित्रे दाखवायच्या. त्यांत ज्याचे चित्र त्याचा शिपाई देखणा आणि शत्रू म्हणजे दात विचकणारा उंदीर. मग आजच्या जाहिराती दाखवायच्या. पांढरा कोट घातलेला माणूस दुधात घालायच्या भुकटीचा डबा धरून हसतो आहे. बाई विचारायच्या, "हा कोण?" मुले म्हणायची, "डॉक्टर." "कशावरून?" "कोट घातलाय!" बाई म्हणायच्या, "कोट तर शिंप्याकडेही मिळतो." खिडकीतून हे सगळे मला दिसायचे, ऐकू यायचे, आणि वनाभाऊंची आठवण यायची.

एके दिवशी बाईंनी नवलशी काहीतरी ठरवले. त्या वर्गात गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "उद्या शाळा भरणार नाही." मुले हसली. "बाई, थट्टा करता काय!" थोड्या वेळाने खिडकीबाहेरून मी गरजलो. आधी संगीत, मग 'सावधान! वरून आदेश आला आहे. उद्या शाळा भरणार नाही!' वर्गातल्या मुलांनी दप्तरे आवरली, बाक सरकले, दोघेतिघे तर दारापर्यंत पोहोचले.

बाई दारात उभ्या. "कोणी सांगितलं?"

"भोंग्यानं!"

"भोंगा कोण? त्याचं नाव काय? त्याला कोणी सांगितलं?"

मुलांनी हळूच दप्तरे बाकावर ठेवली. एवढ्या पोरांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाई म्हणाल्या, "मोठा आवाज आला, संगीत आलं, 'वरून आदेश' आला, आणि आपण पळालो. लढाईतही हेच होतं आणि साबण विकतानाही हेच होतं. पुढच्या वेळी ते वाक्य भोंगा काढून, संगीत काढून, माणसाच्या तोंडून पुन्हा ऐका. मग स्वतःला विचारा, बोलतंय कोण, आणि मी घाबरले तर भलं कोणाचं होतं?" पहिल्या बाकावर डिंपल नावाची मुलगी होती. तीही दप्तर घेऊन दारापर्यंत गेली होती. ती इतकी शरमली की तो धडा तिच्या डोक्यात पक्का बसला.

परीक्षा झाल्या, सुट्ट्या लागल्या, आखाजी म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया झाली. माहेरवाशिणी परत गेल्या, पण झाडांना बांधलेले झोके अजून सोडलेले नव्हते. आणि तेवढ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. मित्रांनो, त्या दिवसांची भीती मी कशी सांगू? सरहद्द इथून कुठच्या कुठे, पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये आगीचे डोंब. त्यातले खरे किती, जुने किती, कोणालाच कळत नव्हते. आकाशातून साधे विमान गेले तरी बायका अंगणातली पोरे आत ओढत होत्या.

तहसील कार्यालयाने नवलला एक काम दिले. सायरन वाजला की घरातले दिवे बंद करायचे, त्याचा सराव होता. माझ्यातून आधी सायरन वाजायचा, मग कार्यालयाचे नाव, सरावाची वेळ, आणि 'घाबरू नका, हा सराव आहे' असे शब्द. तो सायरन पोटातून बाहेर काढताना माझा पडदा फाटेल की काय असे वाटायचे. पण ते काम खरे होते.

त्याच दिवशी केळीचा दलाल भूपेंद्र आला. लोक त्याला भूपेंद्रशेठ म्हणतात. त्याच्या वखारीपाशी त्याच्या मोठ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्याने नवलच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, "सरकारी झालं की लगेच हे लाव. आणि तो सायरन ह्याच्या आधीपण वाजव. चांगला वाजतो."

नवलने मान हलवली. मला घाम फुटत नाही म्हणून बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी गावोगाव ओरडत होतो. सायरन, मग तहसील कार्यालयाची सूचना. पुन्हा तोच सायरन, आणि मग: 'शेतकरी बंधूंनो, सावधान! लढाईमुळे केळीच्या गाड्या उत्तरेकडे जाणे बंद होत आहे. शेजारच्या गावांनी कापणी सुरू केली आहे. आजच माल कापा, नाहीतर झाडावर सडेल. वरून आदेश आहे!' कोणाचे नाव नाही, गाव नाही. पण सरकारी सूचनेच्या पाठोपाठ तेही आले, त्यामुळे लोकांना दोन्ही एकच वाटले. मला फरक कळत होता. पण कळून करतो काय? माझ्याच तोंडून दोन्ही निघत होते.

डिंपलचे आजोबा कौतिकनाना यांची बाग रस्त्याला लागूनच आहे. वैशाखाच्या उन्हात पोराबाळांसारखी जपलेली बाग. वाऱ्याच्या बाजूने गवताचा आडोसा, वाकलेल्या झाडांना टेकू, घडांवर पिशव्या. घड आले होते, पण अजून भरले नव्हते. भरायला बरेच दिवस हवे होते. आणि केळीचे झाड एकदाच घड देते. कोवळा घड कापला, की त्या झाडाचा सगळा जन्म वाया.

नानांनी रिक्षा थांबवली. "परत लाव रे नवल."

नवलने परत लावले. नानांनी ऐकले आणि म्हणाले, "अजून एक डाव." मी पाहत होतो, मित्रांनो. पहिल्या वेळी नानांच्या चेहऱ्यावर शंका होती. दुसऱ्या वेळी ती पुसट झाली. तिसऱ्या वेळी शंकेच्या जागी नुसती भीती उरली. बोलणे तेच होते, एक शब्दही नवा नव्हता. सारखे ऐकले म्हणूनच ते खरे वाटू लागले.

नाना घाबरले त्याला कारणही होते. मागे साथीच्या रोगात सगळे बंद पडले होते, तेव्हा गाड्या खरोखरच आल्या नव्हत्या. पिकलेली केळी त्यांनी डोळ्यांदेखत गुरांपुढे टाकली होती. त्यांनी मजूर बोलावले. विळे चालू लागले. कच्चे हिरवे घड एकेक करून जमिनीवर येऊ लागले, आणि बुंध्यातून चीक ठिबकू लागला. रिक्षा तिथेच बांधावर उभी होती. आवाज काढायला जन्मलेला मी, त्या वेळी एक हाक मारू शकलो नाही.

तेवढ्यात डिंपल चहाची किटली घेऊन बांधावरून आली. कापलेले घड पाहून तिने किटली बांधावरच ठेवली.

"नाना, हे काय करू राह्यले तुम्ही? माल भरला नही अजून!"

"तुले काय समजते पोरी? गाड्या बंद होऊन राह्यल्या. सरकारी भोंगा सांगून गेला. मांगच्या खेपी ढोराइपुढे माल टाकला, तो काय तू पाह्यला नही?"

"कोन्या हाफिसानं सांगतलं?"

"वरून आदेश हाये!" नाना ओरडले. एवढा शांत म्हातारा, पण त्यांचा आवाज फाटला. "चूप बैस. तुह्या बाईचं शिकवणं शाळेत ठेव!"

डिंपलच्या डोळ्यांत पाणी आले. आजोबांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. क्षणभर वाटले, ती परत जाईल. पण ती सरळ रिक्षापाशी आली. माझ्याकडे पाहिले. मग नवलकडे वळली.

"नवलकाका, हे बंद करा. आणि तेच आता भोंग्याशिवाय सांगा. तुमच्या तोंडानं."

नवल हसला. "तेच ते शे ना, पोरी."

"मंग सांगा ना."

नवलने घसा साफ केला. नाना विळा हातात धरून उभे. मजूरही थांबले. सायरन नाही, संगीत नाही, मीही नाही. नवल म्हणाला, "गाड्या... बंद व्हनार शेतस... असं..." आणि अडकला. "असं भूपेंद्रशेठ सांगतस. त्यास्नी माले पेनड्राइव्ह दिधा, मी लाई दिधा. जे देतस ते मी वाजाडस. माले काय माहीत?"

सकाळपासून जे वाक्य आभाळातून कोसळत होते, ते इतकेसे निघाले.

"भूपेंद्र?" नाना म्हणाले. "मंग ते सरकारी?"

"सरकारी ते दिवा बंद करानं शे. हाई त्याना मांगेनं, शेठनं."

डिंपल म्हणाली, "नाना, गाड्या बंद व्हनार असतीन, तर भूपेंद्रशेठच्या गाड्या वखारीपाशी कायच्यासाठी उभ्या हायेत? आपला माल घेऊन तो कोठी जाईन?"

नानांच्या हातातला विळा खाली आला. ते मजुरांना म्हणाले, "थांबा रे. हात थांबवा." मग त्यांनी बंडीच्या खिशातून मोबाईल काढला आणि सुकदेवला लावला. हा सुकदेव दरवर्षी त्यांचा माल घेऊन दिल्लीकडे जाणारा ड्रायव्हर. त्याचा आवाज खरखरत आला, "चालू हाये ना नाना! वाटेत तपासणी करतात, उशीर होतो, पन गाडी चालू हाये. मी आत्ता इंदूरच्या पुढे हाये. बंद कोन म्हनलं?"

खोटे नुसते खोटे नव्हते, मित्रांनो. लढाई खरी होती, उशीर खरा होता, मागची आठवण खरी होती. तेवढ्या खऱ्याच्या आड एक शब्द घुसडला होता, 'बंद'. दूरच्या सरहद्दीचा धूर दाखवून जवळच्या माणसाने बागेत हात घातला होता.

नाना पहिल्या ओळीपाशी जाऊन बसले. कापलेल्या कोवळ्या घडावर त्यांनी हात फिरवला आणि नवलला विचारले, "आता हे झाडाले परत चिकटवता येतीन का रे?" माझ्या आयुष्यात मी पुष्कळ आरडाओरडा केला आहे, पण एवढे हळू बोललेले वाक्य माझ्या पत्र्यात असे कधी रुतले नव्हते.

गावात आणखी बागांमध्ये विळे निघाले होते. नवल एकदम उठला. "चाल पोरी, अख्खा गावले सांगू. सायरन लावस, लोक पळत येतीन!"

"सायरन नको, काका," डिंपल म्हणाली. "आपनही घाबरवूनच सांगतलं, तं त्याच्यात आन् आपल्यात फरक काय?"

मग त्या पोरीने माइक हातात घेतला. खर्रर्र झाले. आणि ती म्हणाली, "मी डिंपल बोलते. कौतिकनानाची नात. केळीच्या गाड्या बंद नाहीत, उशिरा चालू आहेत. हे सुकदेव ड्रायव्हरने आत्ता फोनवर सांगितलं. खोटं वाटलं तर आमच्या बागेत या, नाना फोन लावून देतील, तुम्हीच विचारा."

मला वनाभाऊ आठवले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून बोलणाऱ्याचे नाव निघाले होते.

सुरुवातीला फारसे कोणी बाहेर आले नाही. साध्या आवाजाला कोण बाहेर येते? भीतीच्या हाकेला धावत येणारे पाय खऱ्याच्या हाकेला उंबरठ्यावरच घुटमळतात. पण हळूहळू एकेक जण विचारायला येऊ लागला. काही बागा वाचल्या. काहींत आम्ही पोहोचेपर्यंत घड जमिनीवर आडवे झाले होते, आणि भूपेंद्रची गाडी मातीमोल भावात माल भरून निघूनही गेली होती. गाड्या बंद असताना!

संध्याकाळी दिपमालाबाई आल्या. डिंपलला त्यांनी शाबासकी दिली, पण नानांच्या कापलेल्या ओळी पाहून त्यांचा चेहरा उतरला. "शिकवायला उशीर झाला का मला?" एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून नवल पेनड्राइव्ह खोचण्याआधी विचारतो, "नाव काय सांगू?" वडिलांची रीत त्याने माळ्यावरून काढली आहे. पण मित्रांनो, रीत काढली तरी ती रोज पाळावी लागते. म्हणूनच आज माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळी एक अनोळखी माणूस आला. नवा पेनड्राइव्ह, नवे संगीत. नवलने नाव विचारले, तर तो हसून म्हणाला, "नाव कशाला लागतं? आवाज चांगला आहे ना?" आणि तोच माणूस आता टपरीवर नवलला चहा पाजतो आहे. नवल मान हलवतो आहे. नकार देतो आहे की होकार, ते टपावरून दिसत नाही.

मी जुना झालो आहे. माझ्या कडेला पोचे पडले आहेत, पडदाही विरत चालला आहे. पण मला तेल लावा, सावलीत ठेवा, असे मी मागणार नाही. माझ्या लोहचुंबकाला गंज लागला तरी चालेल, तुमच्या कानांना लागू देऊ नका. माझ्यासारखे भोंगे आता तुमच्या खिशातही असतात, आणि त्यांचाही एकही शब्द स्वतःचा नसतो.

तो पाहा, नवल उठला. रस्त्याच्या पैलाडहून इकडेच येतो आहे. वायर जोडली. मी काय बोलणार आहे, ते मला अजून माहीत नाही. मोठा आवाज आला, मन धडधडले, पाय पळायला लागले, तर जागच्या जागी उभे राहा आणि डिंपलसारखे विचारा, "काका, हेच भोंग्याशिवाय सांगा."

विचाराल ना? लवकर सांगा, बटणावर त्याचे बोट आहे.

खर्रर्र...